ड्रॉइंग नाही, तर जॉब नाही

गेल्या रविवारी निघोज्याहून एक पोरगा घरी आला. मूळचा लातूरकडचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणला एका व्हेंडरकडं व्हीएमसी मशीनवर सेटर. सेकंड शिफ्ट सुटली की खोलीवर बसून वेबसाइटांसाठी लेख लिहितो. मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाला, "काका, चाळीस लेख दिले. तीन महिने होऊन गेले, एक रुपया मिळाला नाही. आता तो माणूस फोनच उचलत नाही."

"दर काय ठरला होता?"

"वीस पैसे शब्द."

"विषय कोण द्यायचं?"

"तेच पाठवायचे. मधुमेहावर घरगुती उपाय. कोकणात फिरायची दहा ठिकाणं. पाच माणसांच्या घराला कोणता फ्रिज घ्यावा."

"मधुमेहातलं तुला काय कळतं?"

"काही नाही. चार ठिकाणचं वाचायचं आणि शब्द बदलून लिहायचं."

"कंपनीत ड्रॉइंग हातात नसताना जॉब लावतोस का?"

"कसा लावणार, काका? रिजेक्शन आलं तर माझ्या नावावर पडेल ना."

चाळीस लेख, प्रत्येकी आठशे शब्द. सहा हजार चारशे रुपये झाले. त्यातनं त्याचं दोन महिन्यांचं खोलीभाडं निघालं असतं. पैसे बुडवणाऱ्याचा मला राग आलाच, पण तेवढाच या पोराचाही आला. दिवसा पन्नास मायक्रॉनसाठी भांडणारा हा माणूस रात्री स्वतःची मेहनत कागदाच्या कपट्याशिवाय गेटबाहेर सोडतो. आणि तो एकटा नाही. भोसरी, तळवडे, चिखली, महाळुंगे इथली असली डझनभर पोरं-पोरी मला ठाऊक आहेत. कुणी इंजिनिअर, कुणी बीकॉम, कुणी लहान मूल झोपल्यावर लॅपटॉप उघडणारी आई. सगळ्यांची कहाणी हीच.

या पट्ट्याला कागदाची शिस्त बाहेरच्यानं शिकवायची गरज नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आली, बजाज आली आणि त्यांच्या मागं भोसरीत गल्लोगल्ली वर्कशॉप निघाली. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा याच साखळीत पक्कं जोडलं गेलं. सत्तर वर्षं इथं पीओ, ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट, चलन ही भाषा चालते. सर्वांत लहान शेडमधनं दहा पिना प्लेटिंगला जायच्या असल्या तरी चलन फाडल्याशिवाय टेम्पो हलत नाही. मग लेख पाठवताना ही अक्कल कुठं जाते? लेख हा माल आहे. त्याला गिऱ्हाईक आहे, दर आहे, रिजेक्शन आहे. तो जॉबवर्कच आहे आणि जॉबवर्कचे सगळे नियम त्याला लागतात.

बाजार खोटा नाही, हे आधी सांगतो. भोसरीतल्या गिअर बनवणाऱ्याला परदेशातनं चौकशी हवी असते, त्याच्या वेबसाइटला इंग्रजी लेख लागतात. कटिंग टूलच्या डीलरला ऑपरेटरपर्यंत पोचायचं असतं, त्याला मराठी आणि हिंदी मजकूर लागतो. क्लास चालवणाऱ्याला लागतो, मशीनच्या एजंटाला लागतो, बातम्यांच्या ॲपला तर रोज लागतो. पैसे देणारे आहेत. अडचण मधल्या उतरंडीत आहे. कारखानदार एजन्सीला काम देतो, एजन्सी दुसऱ्या लहान एजन्सीला देते, ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते आणि तिथनं ते निघोज्याच्या खोलीत येतं. टिअर-वन, टिअर-टू, टिअर-थ्री आपल्याला पाठ आहे. पण गाडीच्या धंद्यात टिअर-थ्रीवाल्याला निदान आपला पार्ट कुठल्या गाडीत बसतो ते माहीत असतं. लेखाच्या धंद्यात आपला लेख कुठं छापला गेला हेही लिहिणाऱ्याला कळू देत नाहीत. जिथं शेवटच्या गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाहीत तिथं काम घेऊ नका. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे बुडवे गळून पडतील.

वीस पैसे शब्दाचा हा धंदा आला कुठून, तेही पाहायला हवं. अमेरिकेत २००६ मध्ये डिमांड मीडिया नावाची कंपनी निघाली. लोक गुगलवर काय शोधतात ते काढायचं, त्या शब्दांवर स्वस्तात ढिगांनी लेख लिहून घ्यायचे आणि शेजारी जाहिराती लावायच्या, असं तिचं गणित. जानेवारी २०११ मध्ये तिचा शेअर बाजारात आला तेव्हा तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीपेक्षा जास्त भरली. दीडशे वर्षांच्या वर्तमानपत्रापेक्षा शब्दांची गिरणी महाग! पुढच्याच महिन्यात गुगलनं पांडा नावाचा बदल केला, उथळ पानं शोधयादीत खाली ढकलली आणि त्या गणिताचा पाया खचला. याहू कंपनीनं २०१० मध्ये असाच एक लेखांचा कारखाना विकत घेतला होता, तो २०१४ मध्ये बंद केला. म्हणजे शब्द मोजून लिहिण्याचा धंदा ज्यांनी काढला त्यांनाच तो पुरला नाही. आपल्याकडं त्याचं जुनं मशीन उतरवून घेतलंय आणि पोरं त्यावर रात्रपाळी करताहेत.

त्यानंतर दोन तारखा आल्या. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं. चार ठिकाणचं वाचून शब्द बदलून लिहायचं काम यंत्र मिनिटात करू लागलं. बरोबर पंधरा दिवसांनी, १५ डिसेंबर २०२२ ला, गुगलनं आपल्या शोधाचा दर्जा तपासणाऱ्यांच्या नियमावलीत एक शब्द वाढवला: अनुभव. लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली आहे का, पाहिली आहे का, हेही बघा, असं त्यात आलं. मार्च २०२४ मध्ये गुगलनं आणखी एक नियम जाहीर केला. शोधयादीत वर येण्यासाठी ढिगांनी पाडलेली पानं यंत्रानं लिहिलेली असोत की माणसानं, ती गैरप्रकारच धरली जातील.

या तारखा लागोपाठ वाचा. मधुमेहावरच्या उष्ट्या लेखाची किंमत संपली. आज वीस पैसे आहेत, उद्या पाच येतील, परवा तेही देणार नाहीत. हे मी घाबरवायला सांगत नाही. एजन्स्या आताच यंत्राचा मजकूर पाठवून "जरा माणसासारखं करून द्या" म्हणतात आणि दर आणखी पाडतात. ते काम घेऊ नका. दुसऱ्यानं बिघडवलेल्या जॉबवर रिवर्क करून कुणी वर्कशॉप उभं केलेलं मी पाहिलेलं नाही.

त्या पोराला मी विचारलं, "गेल्या महिन्यात लाइनवर काय अडलं होतं?"

तो लगेच खुर्चीत पुढं सरकला. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, भिंत पातळ. बोअर मशीनवर मोजला की बरोबर यायचा, सीएमएमवर लावला की बाहेर. तीन दिवस लाइन अडली. टूल बदललं, ऑफसेट बदलला, स्पिंडल तपासला. शेवटी कळलं की दोष क्लॅम्पिंगमध्ये होता. फिक्स्चरमध्ये क्लॅम्प आवळला की पातळ भिंत दबायची. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर गोल व्हायचा. क्लॅम्प सोडला की भिंत मूळ जागी परत यायची आणि बोअर अंडाकृती व्हायचा. मग यांनी रफ कट झाल्यावर क्लॅम्प सैल करून हलक्या दाबानं पुन्हा धरायला सुरुवात केली, क्लॅम्पच्या बरोबर खाली आधार दिला आणि फिनिश कट शेवटी ठेवला. जॉब मापात आला.

दहा मिनिटं तो हातवारे करून बोलत होता. कपाचा चहा गार झाला. मी म्हटलं, "हा लेख आहे. मधुमेहाचा तुझा नव्हता."

"हे कोण वाचणार, काका? हे तर सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना माहीत नसतं, म्हणूनच तीन दिवस लाइन अडली. ज्या गोष्टीनं तुमची लाइन अडली ती आज रांजणगावात, साताऱ्यात, नाशिकला, कोल्हापूरला कुणाची तरी लाइन अडवून उभी आहे. तो माणूस मोबाइलवर शोधतोय, आणि त्याला मिळतंय काय? "सीएनसी मशीनिंगचे दहा फायदे." फायदे त्याला माहीत आहेत, त्याला बोअर गोल करून हवाय. ज्यानं तो करून दिला त्याच्याकडनं फिक्स्चर घ्यायला, टूल घ्यायला, ट्रेनिंग घ्यायला तो तयार होईल. लेखाला पैसे मिळतात ते इथून.

असे विषय या पट्ट्यात पायलीला पन्नास पडलेत आणि फारच थोडे लिहिले गेलेत. हीट ट्रीटमेंटवाल्याकडं विचारा. ड्रॉइंगवर केस डेप्थ, म्हणजे वरच्या कडक थराची खोली, ०.८ मिलिमीटर लिहिलेली असते, पण ती ग्राइंडिंगच्या आधीची की नंतरची ते लिहिलेलं नसतं. ग्राइंडिंगला एका बाजूनं ०.२ जाणार असेल तर भट्टीतनं किती खोल काढायची? या एका न लिहिलेल्या शब्दावरून भोसरीत किती लॉट परत येतात आणि किती भांडणं होतात, हे कुठल्याही हीट ट्रीटरला विचारा, तो तुम्हाला बसवून सांगेल. प्लेटिंगवाल्याकडं जा. १२.९ ग्रेडचा बोल्ट झिंक केला की थोड्याच तासांत भट्टीत १९० ते २२० अंशांना बराच वेळ ठेवावा लागतो, नाहीतर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळं तो कसल्यावर एकदम तुटतो, आणि तोही काही वेळानं, गाडीत बसल्यावर. डिस्पॅचवाल्याकडं जा. पावसाळ्यात पार्ट गंजून आल्याची तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा वॉशिंगमधनं निघालेला गरम पार्ट तसाच पिशवीत बांधलेला असतो. तो गार होताना आतल्या आत दव धरतो. पॅक करणाऱ्याच्या उघड्या हातांचा घाम तर पार्टवर बोटांचे ठसे उमटवून ठेवतो आणि गंजही त्याच ठशांवर चढतो. हे सगळं माणसांच्या डोक्यात आहे. माणूस रिटायर होतो, गावाला जातो, आणि ते ज्ञान त्याच्याबरोबर जातं. टेल्को रोडवर रोज संध्याकाळी किती ज्ञान बसमधनं घरी जातं याचा विचार केला की माझा जीव हळहळतो.

मराठीत हे होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांना मी शंभर वर्षं मागं नेतो. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघालं. नांगर विकणाऱ्या कारखान्यानं काढलेलं मासिक, संपादक शंकरराव किर्लोस्कर. मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत जावी हा हेतू होताच, पण ते तिथं थांबले नाहीत. वाचणाऱ्याला उपयोगी पडेल, आवडेल, असं लिहून घेतलं. पुढं त्याच घरातनं १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर' आलं, आणि महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या ती मासिकं वाचून वाढल्या. अमेरिकेत नांगरवाल्या जॉन डिअर कंपनीनं 'द फरो' हे शेतकऱ्यांचं नियतकालिक १८९५ मध्येच काढलं होतं आणि ते अजून निघतं. कारखान्यानं चांगला मजकूर विकत घेऊन लोकांपुढं ठेवायचा, याला आज कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि त्याचे महागडे कोर्स विकतात. आपण ते सांगली जिल्ह्यातल्या एका माळावर करून दाखवलेलं आहे. आजही पुण्याच्या उद्यम प्रकाशनाचं 'धातुकाम' मासिक लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, मोजमाप यांवर मराठीत लेख छापतं. ज्यांना शॉपफ्लोअरवर मराठी चालत नाही असं वाटतं त्यांनी त्याचे दोन अंक आणून वाचावेत.

कारखानदारांनाही आज सोडत नाही. ऑटो क्लस्टरच्या प्रदर्शनात तीन दिवसांच्या स्टॉलला लाखभर रुपये मोजताना तुमचा हात अडखळत नाही. चकचकीत ब्रोशर छापता, ते संध्याकाळी प्रदर्शनाच्या दाराबाहेर पडलेलं असतं. आणि वर्षानुवर्षं वेबसाइटवर राहणाऱ्या लेखाला दोनशे रुपये? तुमच्या सेटरला, तुमच्या क्वालिटीच्या माणसाला बसवा, त्याला ओव्हरटाइमसारखे पैसे द्या, त्याचं नाव घाला. तुमच्याकडं ज्ञान आहे हे गिऱ्हाइकाला त्याशिवाय कसं कळणार? "गुणवत्ता हेच आमचं ध्येय" हे वाक्य चाकणच्या प्रत्येक गेटवर लिहिलेलं आहे, आणि ते वाचून आजवर कुणी ऑर्डर दिलेली नाही.

आता दराचं बोलू, कारण मराठीत लिहिणाऱ्याची खरी लूट तिथं होते. शब्दावर दर ही इंग्रजीसाठी काढलेली मोजपट्टी आहे. मराठीला ती लावली की काटा मारला जातो. "कारखान्यासमोरच्या रस्त्यावरून" हे मराठीत दोन शब्द आहेत. तेवढंच इंग्रजीत सांगायला आठ लागतात. आपल्याकडं विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, तिकडं ती सुटी उभी राहतात आणि सुटी मोजली जातात. म्हणजे तोच लेख, तीच माहिती, तेवढीच मेहनत, पण मराठी लेखाची शब्दसंख्या कमी भरते आणि पैसेही कमी येतात. आधीच मराठीला दर कमी, त्यात मापात घट. भाषांतराचं काम घेत असाल तर मूळ इंग्रजीचे शब्द मोजून पैसे मागा. स्वतंत्र लेख असेल तर शब्द मोजूच नका, लेखाचा दर सांगा. जॉबचा दर सायकल टाइमवर निघतो, जॉबच्या वजनावर निघत नाही. माणसाशी बोलायला गेलेला अर्धा दिवस, फोटो, तपासून घेणं, दुरुस्ती, हे सगळं त्या दरात येतं.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर एक दुखणं सांगून टाकतो. एका मशीनच्या मराठी माहितीपत्रकाचा मजकूर माझ्याकडं तपासायला आला होता. टॉलरन्सचं 'सहिष्णुता' केलेलं. फीडचा 'आहार'. लेथच्या बेडचा 'पलंग'. जॉबची 'नोकरी'. म्हणजे नोकरी पलंगावर नीट बसवून आहार कमी करा, असं ते वाचणाऱ्या ऑपरेटरनं समजायचं. मला हे वाचून हसू आलं नाही. त्याच मजकुरात पुढं इमर्जन्सी स्टॉपची सूचना होती, आणि तिचीही तीच गत होती. सूचना कळली नाही तर हात जातो. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम १०८ होतं ते याचसाठी. त्या कायद्याखाली लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावा, असं त्यात म्हटलं होतं. समजणाऱ्या भाषेत, हे शब्द नीट वाचा. शॉपफ्लोअरवरच्या माणसाला टॉलरन्स समजतो, सहिष्णुता समजत नाही. जॉबला जॉब म्हणा, चकला चक म्हणा, कूलंटला कूलंट म्हणा, आणि त्यांच्याभोवतीचं मराठी मात्र चोख लिहा. हे यंत्राला सांगणारा माणूस लागतो. ज्यानं लेथच्या बेडवरची चिप्स ब्रशनं झाडलेली आहे असा माणूस लागतो. त्याच्या कामाचे पूर्ण पैसे द्यावे लागतात.

आता कागद. इथं मी सावकाश सांगतो, कारण हेच कुणी सांगत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझे काही लेख एका एजन्सीनं घेतले. पुढं त्यातला एक मला तीन वेगळ्या वेबसाइटांवर तीन वेगळ्या नावांनी दिसला. मी विचारलं तर म्हणाले, पैसे दिले म्हणजे लेख आमचा. मीही तेव्हा मान डोलावली, कारण कायदा वाचला नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. बाहेरून काम घेऊन लेख लिहिणारा हा त्या लेखाचा पहिला मालक असतो. नोकरीत, नोकरीचं काम म्हणून लिहिलं तर मालक कंपनी, एरवी तुम्ही. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणं लेखी द्यावा लागतो आणि त्यावर तुमची सही लागते. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याच्या खुणेला सही समजू नका. शिवाय त्या लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. कलम ५७ प्रमाणं हक्क विकल्यावरही लेखक म्हणून तुमचं नाव सांगण्याचा अधिकार तुमच्याकडं उरतो. हे माहीत असेल तर तोच लेख मराठीत एकाला, हिंदीत दुसऱ्याला, वर्षभरासाठी तिसऱ्याला देता येतो. डाय एकदा बनवायचा, पार्ट पुन्हा पुन्हा काढायचे. हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का?

आणि पैसे वेळेवर. भोसरीतल्या प्रत्येक लघुउद्योजकाला पंचेचाळीस दिवस हा आकडा झोपेतही आठवतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या दिवशी, आणि कसंही ठरलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. त्यापुढं गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. हा कायदा फक्त लेथवाल्यांसाठी नाही, सेवा देणाऱ्यालाही उद्यम नोंदणी करता येते. ती १ जुलै २०२० पासून ऑनलाइन होते, आधार आणि पॅन लागतो, फी काही नाही. पण काम घ्यायच्या आधी करा, पैसे बुडाल्यावर करून उपयोग होत नाही. गेल्या काही वर्षांत प्राप्तिकराचाही दट्ट्या आला आहे: आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत हिशेबात वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की अकाउंट्सवाला ते बिल वर काढतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला मात्र हा कायदा लागत नाही. तिथं अर्धे पैसे आधी घ्या, नाही दिले तर नमस्कार करा.

एक सावधगिरी राहिली. कंपनीत काम करून रात्री लिहिणाऱ्यांनी पार्ट नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, ड्रॉइंगचा फोटो लेखात कधीही घालायचा नाही. ते तुमचं नाही, ते गिऱ्हाइकाचं आहे, आणि त्यापायी नोकरी जाईल ती परत मिळणार नाही. बोअर अंडाकृती का होतो हे सांगायला पार्ट नंबर लागत नाही. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय तेही एकदा काढून वाचा. शंका असेल तर एचआरला विचारा, लपवू नका. चांगल्या कंपनीला असा माणूस अभिमानाचा वाटायला हवा.

पोरगा निघाला तेव्हा साडेनऊ वाजले होते. तळेगाव चौकातला ट्रॅफिक कधी सुटेल ते सांगता येत नाही म्हणून बाईकवरनं आतल्या रस्त्यानं गेला. बुधवारी रात्री त्यानं क्लॅम्पिंगवरचा लेख पाठवला. सहाशेवीस शब्द, हातानं काढलेली दोन चित्रं, एकही वाक्य उसनं नाही. शुद्धलेखन मी तपासलं, बाकी काही बदललं नाही. भोसरीतल्या एका फिक्स्चर बनवणाऱ्याला दाखवला. त्यानं अर्ध्यातच फोन करून विचारलं, हा मुलगा कुठं काम करतो? एका वर्षासाठी, मराठीत, त्याच्या एकट्याच्या वेबसाइटवर, लेखकाच्या नावासह, तीन हजार रुपये ठरले. अर्धे आधी आले. आधीच्या दरानं त्याला एकशे चोवीस रुपये मिळाले असते.

बुडालेले सहा हजार चारशे परत येतील असं वाटत नाही. त्या माणसाचं नाव, पत्ता, कंपनी यातलं काहीच पोराकडं नाही, फक्त एक नंबर आहे.

या कामासाठी मी एक पानाचा मराठी करार वापरतो. विषय, वाचणारा कोण, माहिती कोण पुरवणार, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल, लेखाचा दर, आगाऊ किती, उरलेले कोणत्या तारखेला, हक्क कोणता, कुठल्या भाषेचा, किती दिवसांचा, नाव कसं छापायचं, आणि शेवटी दोन सह्या. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमध्ये लेख लिहून विकणाऱ्या कुणालाही तो हवा असेल तर या सदराच्या पत्त्यावर मागा. मी पाठवीन, पैसे पडणार नाहीत. तोवर नवीन काम घेऊ नका.